दिफांग-इगायच्या आलापाची कुळकथा

एनिग्मा या जर्मन संगीतप्रकल्पाचं ‘रिटर्न टू इनोसन्स’ हे गाणं १९९४ मध्ये जगभर गाजलं. त्याच्या सुरुवातीलाच एक मोकळ्या गळ्याचा आलाप आहे. वर चढतो, रेंगाळतो आणि सावकाश उतरतो. गाणं विसरलेल्यांनाही हा आलाप आठवतो. तो दिफांग आणि इगाय दुआना या नवरा-बायकोचा. चिनी कागदपत्रांत त्यांची नावं वेगळी, कुओ यिंग-नान आणि कुओ श्यू-चू.

दोघं तैवान बेटावरच्या आमिस या आदिवासी समाजातले. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर ताइतुंगजवळ मालान ही त्यांची वस्ती. दिफांग यांचा जन्म १९२१चा, तेव्हा तैवानवर जपानची सत्ता होती. पेशा शेतीचा. गाणं वडीलधाऱ्यांसोबत गात गात शिकायचं, हीच तिथली रीत.

आलाप ज्यातला आहे, ते ज्येष्ठांच्या पानगोष्टीच्या बैठकीचं गाणं. त्यात शब्द जवळजवळ नाहीतच. आपल्या तराण्यासारखी नुसती अक्षरं. एक जण उचलतो आणि बाकीचे त्याची चाल न गिरवता आपापली वाट धरतात. इगाय यांचा उंच सूर दिफांग यांच्या सुराभोवती फिरत राहतो. हे आवाज कुठे भेटतील आणि कुठे फुटतील, ते गाणारे त्या क्षणी ठरवतात. म्हणूनच ‘पारंपरिक’ एवढं म्हणून हात झटकणं मला मुळीच पटत नाही. चाल पूर्वजांची असेल, पण त्या दिवशीचं गाणं त्या दोघांचं होतं.

तो दिवस १९८८चा. तैवानच्या आदिवासी गायकांचा एक गट युरोपच्या दौऱ्यावर गेला होता. फ्रान्समधल्या ‘मेझों दे क्युल्त्यूर द्यु मोंद’ या संस्थेने त्यांचं गायन ध्वनिमुद्रित करून पुढे सीडीवर आणलं. एनिग्माचे मायकेल क्रेटू यांनी आलाप घेतला तो त्या सीडीवरून. परवानगीचे पैसे त्यांनी संस्थेला दिले. गाणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, गाण्यावर त्यांची नावंही आली नाहीत. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रसिद्धीसाठीही तेच गाणं वापरलं गेलं. ज्यांचा आवाज, त्यांनाच शेवटी कळावं, हा अन्याय होता आणि त्याला अन्यायच म्हटलं पाहिजे.

१९९८ मध्ये या जोडप्याने अमेरिकेत दावा लावला. त्याच वर्षी ‘सर्कल ऑफ लाइफ’ हा त्यांचा स्वतःचा अल्बम निघाला. दिफांग तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते. १९९९ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि लोकगीत गाणाऱ्याचाही त्या गाण्यावर हक्क असतो, ही गोष्ट जगभरच्या संगीत कंपन्यांपर्यंत पोहोचली. दिफांग २००२ मध्ये वारले. तडजोडीनंतर निघालेल्या गाण्याच्या आवृत्त्यांवर दोघांची नावं आहेत.