जांबचे समर्थ आणि त्यांच्या शिष्या

गुरूची खरी थोरवी त्याच्या मागे उरलेल्या शिष्यांवरून कळते. ग्रीस देशातील अथेन्स नगरीत सॉक्रेटीस नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. इ. स. पूर्व ३९९ मध्ये नगराने त्याला विषाचा पेला दिला. तरी प्लेटो या शिष्याने त्याची शिकवण संवादरूपाने लिहून अमर केली. पुढे प्लेटोने पाठशाळा काढली. तिच्यात अ‍ॅक्सिओथिया व लॅस्थेनिया या दोन स्त्रिया शिकत होत्या, अशी नोंद आढळते. पैकी अ‍ॅक्सिओथिया पुरुषवेषाने येत असे म्हणतात.

असाच शिष्यांच्या रूपाने उरलेला एक थोर गुरू आपल्या जालना जिल्ह्याने महाराष्ट्राला दिला. घनसावंगी तालुक्यातील जांब गावी १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी, सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. तेच समर्थ रामदास. वीस दशकांचा, दोनशे समासांचा त्यांचा दासबोध शिष्य कल्याणाने लिहून घेतला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या शिष्यांची आठवण मात्र क्वचितच निघते.

वेणाबाई बालविधवा. अशा स्त्रीने माजघरात दिवस कंठावे, हा त्या काळचा रिवाज. समर्थांनी तिला अनुग्रह दिला, एवढेच नव्हे तर कीर्तनास उभे केले आणि मिरजेचा मठ तिच्या स्वाधीन केला. लोकापवादाला भिऊन घरच्यांनीच तिला विष दिले व ती त्यातून वाचली, अशी आख्यायिका आहे. वेणाबाईने ‘सीतास्वयंवर’ हे काव्य रचले. तिला पुरुषवेष घ्यावा लागला नाही. दुसरी शिष्या अक्काबाई. १६८२ साली सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवल्यावर चाफळ व सज्जनगड येथील कारभार सांभाळण्यात तिचा मोठा वाटा होता.

दासबोधात स्त्रीमोहाविषयी कठोर शब्द आहेत, हे नाकारून चालणार नाही. परंतु ज्याने विधवेच्या हाती मठाचा कारभार दिला, त्याचे मोल केवळ शब्दांवरून करणे न्यायाचे होणार नाही.

भगिनींनो, रामनवमीला जांबला जाल तेव्हा समर्थांच्या जन्मस्थानी मस्तक ठेवाच. पण त्याच वेळी वेणा आणि अक्का यांचेही स्मरण करा. गुरूने विश्वासाने टाकलेला भार त्यांनी पेलून दाखविला, म्हणूनच त्याची शिकवण घरोघरच्या बायकांपर्यंत पोहोचली. चार भगिनींपुढे उभे राहून बोलताना आपला आवाज कापला, तर वेणाबाईचे ते पहिले कीर्तन मनात आणावे.