सौर कृषी वाहिनी योजना आणि गायरान जमीन
शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनाने 2017 मध्ये सुरू केलेली योजना. 2023 मधील दुसऱ्या टप्प्यात वीज उपकेंद्रांजवळची शासकीय जमीन, गायरानांसह, सौर प्रकल्पांना नाममात्र भाड्याने देण्याचे धोरण आले. रात्री-अपरात्री, सापा-बिबट्याच्या भीतीत पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यासाठी दिवसाची वीज मोलाची आहे. शिवाय वीज जवळच तयार झाल्याने वहनातील गळती घटते. पण गायरान म्हणजे मोकळी पडीक जागा नव्हे, ते गावाचे सामायिक चराऊ क्षेत्र आहे. दिवसाच्या विजेतून गावाची भरपाई होते, हा युक्तिवाद अपुरा ठरतो, कारण लाभ पंपधारकाला मिळतो आणि चराई गमावतो तो भूमिहीन पशुपालक. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात (2011) गावाच्या सामायिक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवण्याचे निर्देश दिले. सौर प्रकल्प अतिक्रमण नाही, हे खरे. तरीही ग्रामसभेची संमती आणि चराईला पर्यायी क्षेत्र भाडेपट्ट्याआधीच ठरायला हवे.