विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा बंदिशकार कोण?

मंडळी, अकोला ते बडनेरा गाडीत आमचं यावर दरवेळी भांडण होतं. मूर्तिजापूर आलं की कोणीतरी म्हणतंच, ‘वसंतराव देशपांडे! १९२० साली इथंच जन्मले.’ अरे बाप्पा, ते गायक! ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) त्यांनी गाजवलं, पण चाली जितेंद्र अभिषेकींच्या. कुमार गंधर्वांच्या धुनउगम रागांपुढे मी हात जोडतो, पण ते गावे त्यांनीच. माझं मत अभिषेकींच्या एका गुरूंना, जगन्नाथबुवा पुरोहितांना. ‘गुणिदास’ नावानं बंदिशी रचल्या, जोगकंस राग घडवला. तो आज इतर घराण्यांचे गायकही गातात. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड बुवांचा, चालतो सगळ्यांच्या सर्व्हरवर. मग नाव काहून माहीत नाही? ॲपवर फक्त गायकाचं नाव दिसते ना लेका! बुवांची सही बंदिशीतच असते, कान देऊन ऐका.