तंबोऱ्याचा भोपळा आणि भीमाकाठ

जुन्या तंबोऱ्याला खुंटी, तार, घोडी नवी मिळते. जोडीचा भोपळा मात्र सहजी मिळत नाही. कन्हेरीतल्या आमच्या घरच्या मिरजी तंबोऱ्याचा भोपळा तडकला, तेव्हा यामागचा इतिहास शोधावासा वाटला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तलवारींची मागणी ओसरली आणि मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांच्या घराण्याने हत्यारे सोडून तंतुवाद्ये हाती घेतली. दांडी आणि तबली लाकडाची. पण नाद घुमतो तो कडू भोपळ्यात. बारामतीच्या दक्षिणेची नीरा इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला भीमेस मिळते. तीच भीमा पुढे पंढरपूर-मंगळवेढ्याकडे वळते आणि मिरजेला लागणारे भोपळे त्याच टापूत पिकतात.

हे फळ पूर्ण वाळावे लागते. घेर, गोलाई, सालीची जाडी साच्यातून काढता येत नाही. दांडी जुन्या भोपळ्याच्या मापाने बसवलेली असते; म्हणून तो बदलण्यापेक्षा चीर सांधणे बरे. घोडीचे तसे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंत, सांबरशिंग बंद झाले, तरी उंटाच्या हाडावर काम भागले. जवारी त्यावरही निघते.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव मिरजेचे, ते रास्तच. पण शेतकऱ्याने हे पीक सोडले, तर कारागिराच्या हाती कसब उरेल, नाद घुमायला जागा उरणार नाही.