वित्तसंस्थेतून माहिती फुटल्यास ग्राहकाचे हक्क कोणते?

बँक, विमा कंपनी, कर्ज देणारी वित्तकंपनी किंवा शेअर दलाली पेढी यांच्याकडे खाते उघडताना ग्राहक आपले नाव, पत्ता, पॅन, आधार, मोबाइल क्रमांक, उत्पन्न आणि नामनिर्देशित वारसाचा तपशील एकाच वेळी सुपूर्द करतो. संस्थेच्या संगणक यंत्रणेतून हा तपशील परक्याच्या हाती पडला, तर पासवर्ड बदलता येतो आणि कार्डही नवे मिळते. जन्मतारीख, पॅन किंवा आजारपणाचा इतिहास मात्र बदलता येत नाही. त्यामुळे माहितीगळतीची बातमी विरली, तरी तिचा धोका ग्राहकाच्या मागे वर्षानुवर्षे राहतो.

अशा प्रसंगी ग्राहकाला संरक्षण देणारा एकच कायदा भारतात नाही. रिझर्व्ह बँकेचे निर्देश, माहिती तंत्रज्ञान अधिनियम २०००, ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ यांतून हे हक्क निर्माण होतात. यांपैकी कोणता मार्ग धरायचा, हे मुख्यतः दोन प्रश्नांवर ठरते. खात्यातून पैसे गेले आहेत का, आणि त्रुटी कोणाची आहे?

दोन घटना, दोन प्रकारचे नुकसान

ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. अनेक बँकांनी कार्डे बंद करून नवी दिली. राष्ट्रीय देयक महामंडळाने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार, १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांना सुमारे १ कोटी ३० लाख रुपयांचा फटका बसला होता. एटीएमसेवा पुरवणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीच्या यंत्रणेत २०१६ च्या मध्यास घातक संगणक प्रणाली शिरली होती, हे फेब्रुवारी २०१७ मध्ये स्पष्ट झाले. ग्राहकाची चूक नव्हती आणि अनेक बँकांची स्वतःची यंत्रणाही अभेद्य राहिली होती. फट पडली होती ती मधल्या सेवापुरवठादाराकडे.

२०२४ मधील स्टार हेल्थ या आरोग्य विमा कंपनीची घटना वेगळी होती. तिच्या विमाधारकांचे वैद्यकीय अहवाल व दाव्यांची कागदपत्रे टेलिग्रामवरील स्वयंचलित खात्यांतून मिळत असल्याचे सप्टेंबरमध्ये समोर आले. कंपनीने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही माहिती अनधिकृतपणे मिळवली गेल्याचे नंतर मान्य केले. येथे प्रश्न खात्यातील शिलकेचा नव्हता, खासगीपणाचा होता. कायद्याची खरी कसोटी अशा दुसऱ्या प्रकारच्या नुकसानीत लागते.

पैसे गेले असतील तर

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांतील ग्राहकाच्या दायित्वाची मर्यादा आखून दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तशाच सूचना देण्यात आल्या. महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांच्या ठेवीदारांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

या नियमांनुसार, त्रुटी किंवा निष्काळजीपणा बँकेचा असेल, तर ग्राहकाने तक्रार केलेली असो वा नसो, त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. त्रुटी बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, ती यंत्रणेत अन्यत्र आहे, अशा वेळी मुदतीला महत्त्व येते. बँकेकडून व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाचे दायित्व शून्य राहते. संदेश मिळाल्याचा दिवस या गणनेत धरला जात नाही.

चार ते सात कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाला मर्यादित तोटा सोसावा लागतो. मूलभूत बचत खात्यासाठी ही मर्यादा कमाल ५ हजार रुपये, इतर बचत खाती व ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डांसाठी १० हजार रुपये, तर त्यापेक्षा मोठ्या मर्यादेच्या कार्डांसाठी २५ हजार रुपये आहे. सात दिवसांनंतर संबंधित बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण लागू होते.

तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत वादग्रस्त रक्कम तात्पुरती खात्यावर जमा करणे आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढणे बँकेवर बंधनकारक आहे. याहून महत्त्वाची तरतूद पुराव्यासंबंधी आहे. चूक ग्राहकाची होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकण्यात आली आहे. आपण निर्दोष आहोत हे ग्राहकाने सिद्ध करावे, अशी अपेक्षा नियमात नाही.

फसव्या फोनला उत्तर दिले म्हणून हक्क जातो का?

ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितल्यास, बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, असे परिपत्रक सांगते. कळवल्यानंतर झालेला तोटा मात्र बँकेचा असतो. फुटलेल्या माहितीच्या आधारे येणारे फोन अधिक विश्वासार्ह वाटतात, कारण बोलणाऱ्याला ग्राहकाचे नाव, खरेदी किंवा पॉलिसी क्रमांक आधीच ठाऊक असतो. त्यामुळे हा मुद्दा वारंवार वादाचा ठरतो.

आसाममधील एका ग्राहकाने ऑनलाइन खरेदी केलेली वस्तू परत करण्याच्या प्रयत्नात असताना, विक्रेत्याचा प्रतिनिधी असल्याचे भासवणाऱ्या व्यक्तीच्या सांगण्यावरून मोबाइलमध्ये ॲप घेतले आणि त्याच्या स्टेट बँक खात्यातून ९४ हजारांहून अधिक रुपये गेले. त्याने २४ तासांच्या आत तक्रार केली होती. बँकेने रक्कम द्यावी, हा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कायम ठेवला. अशा व्यवहारांवर लक्ष ठेवण्याचे तंत्रज्ञान बँकेकडे असल्याने दक्षतेची जबाबदारी तिला टाळता येत नाही, तसेच ग्राहकानेही ओटीपी कोणाला सांगू नये, असे न्यायालयाने नमूद केले.

पैसे गेले नाहीत, पण माहिती गेली

येथे ग्राहकाची बाजू आजही कमकुवत आहे. संगणक सुरक्षेची राष्ट्रीय यंत्रणा असलेल्या सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार, घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत संस्थेने सर्ट-इनला कळवावे लागते. मात्र हे कळवणे सरकारी यंत्रणेला आहे, ग्राहकाला नाही.

ही उणीव भरून काढणारी तरतूद डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार, गळती झाल्यावर संस्थेने प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब आणि सोप्या भाषेत कळवायचे आहे. काय घडले, किती माहिती गेली, कधी गेली, त्याचे परिणाम काय संभवतात, संस्थेने कोणते उपाय केले, ग्राहकाने कोणती काळजी घ्यावी आणि कोणाशी संपर्क साधावा, हे त्या सूचनेत असले पाहिजे. डेटा संरक्षण मंडळाला तपशीलवार अहवाल ७२ तासांत द्यायचा आहे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, तर गळतीची सूचना न दिल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तथापि, या तरतुदी लगेच लागू झालेल्या नाहीत. अधिसूचनेनुसार संस्थांना १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला असून तो मे २०२७ मध्ये संपतो.

दंड सरकारकडे, भरपाईचे काय?

नव्या कायद्यातील दंडाची रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होते. बाधित ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. उलट माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ४३अ, ज्यानुसार संवेदनशील माहितीची वाजवी सुरक्षा न राखणाऱ्या संस्थेकडून भरपाई मागता येते, ते नव्या कायद्याच्या संबंधित तरतुदी अमलात येताच वगळले जाणार आहे. तोपर्यंत ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, दाखल करता येतात.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील हा मार्ग महाराष्ट्रात प्रत्यक्ष वापरला गेला आहे. पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून सुमारे ८० लाख रुपये काढले गेल्याच्या प्रकरणात, राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी २०१३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. तक्रारदाराने फसव्या ईमेलला उत्तर दिले होते, म्हणून तोट्याचा काही भार त्याच्यावरही ठेवण्यात आला. तरीही बँकेच्या सुरक्षेतील उणिवांकडे दुर्लक्ष झाले नाही.

कलम ४३अ गेल्यानंतर भरपाईसाठी मुख्य आधार उरेल तो ग्राहक संरक्षण अधिनियमाचा. बँकिंग व विमा या त्या कायद्यानुसार 'सेवा' आहेत. ग्राहकापासून महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे ही सेवेतील त्रुटी ठरते, तर विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना इतरांना उघड करणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. घटनेपासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच ती दाखल करण्याची मुभा असल्याने, मुख्यालय मुंबईत असलेल्या कंपनीविरुद्ध इंदूर, बडोदा किंवा बेळगाव येथील ग्राहकालाही आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते.

दाद मागण्याचा क्रम

पहिली लेखी तक्रार नेहमी संबंधित संस्थेकडेच करावी आणि तिचा क्रमांक व तारीख जपून ठेवावी. बँक किंवा वित्तकंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेने नुकसानभरपाईची मर्यादा २० लाख रुपये आणि मनस्तापासाठी आणखी १ लाख रुपये अशी ठरवली होती. शेअर दलाल व म्युच्युअल फंडांविरुद्ध सेबीच्या 'स्कोअर्स' प्रणालीवर, तर विमा कंपन्यांविरुद्ध 'विमा भरोसा' प्रणालीवर तक्रार नोंदवता येते.

अमेरिकेचा अनुभव

ग्राहकांची पतमाहिती जमा करणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीने ७ सप्टेंबर २०१७ रोजी जाहीर केलेल्या गळतीत सुमारे १४ कोटी ७० लाख अमेरिकी नागरिकांची माहिती गेली. कंपनीला ती जुलैअखेरीस कळली होती. २०१९ मधील तडजोडीत कंपनीने ७० कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे मान्य केले, त्यांपैकी ४२ कोटी ५० लाखांपर्यंतचा निधी ग्राहकांसाठी होता. मात्र १२५ डॉलर रोख देण्याच्या पर्यायासाठी केवळ ३ कोटी १० लाख डॉलर राखून ठेवले होते. दावेदारांची संख्या इतकी वाढली की प्रत्येकाचा वाटा खूपच घटणार, हे स्पष्ट झाले.

त्या प्रकरणानंतर टिकून राहिलेला लाभ दुसराच ठरला. सप्टेंबर २०१८ पासून अमेरिकेतील प्रत्येक ग्राहकाला आपला पतअहवाल विनामूल्य गोठवण्याचा हक्क कायद्याने मिळाला. अहवाल गोठवलेला असताना चोरलेल्या माहितीवर नवे कर्ज काढणे अवघड होते. भारतात असा वैधानिक हक्क अद्याप नाही.

ग्राहकाने तातडीने काय करावे?

गळतीचे वृत्त कळताच संस्थेकडे लेखी विचारणा करून, आपली कोणती माहिती बाहेर गेली, याचे उत्तर मागावे. पासवर्ड व पिन बदलावेत, कार्डाच्या ऑनलाइन व परदेशी व्यवहारांची मर्यादा कमी करावी आणि आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करावे. बँकेकडे चालू मोबाइल क्रमांक नोंदवलेला आहे, याची खात्री करावी, कारण तीन दिवसांची मुदत त्यावर येणाऱ्या संदेशापासूनच मोजली जाते.

पैसे गेल्यास प्रथम बँकेला कळवून लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आपल्या नावावर परस्पर कर्ज काढले गेले आहे का, हे पाहण्यासाठी चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यातील चूक ३० दिवसांत दुरुस्त न झाल्यास, विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

संस्थेचे पत्र, आलेले संदेश, फोनची नोंद आणि तक्रारींच्या पोचपावत्या एकत्र ठेवाव्यात. माहितीचा गैरवापर कित्येक महिन्यांनी होऊ शकतो. त्या वेळी गळती आणि नुकसान यांचा संबंध दाखवण्यासाठी हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.