टॅननबॉम–टोरवाल्ड्स वाद

टॅननबॉम–टोरवाल्ड्स वाद : ऑपरेटिंग सिस्टिमची अंतर्गत रचना कशी असावी, या प्रश्नावर ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम आणि हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांच्यात जानेवारी-फेब्रुवारी १९९२ मध्ये यूजनेट या संदेशजाळ्यावर झालेला जाहीर लेखी वाद. एका बाजूला मिनिक्स, दुसऱ्या बाजूला तेव्हा जेमतेम पाच महिन्यांचे असलेले लिनक्स.

संगणकवाल्यांत भांडणांना तोटा कधीच नव्हता. मजकूर लिहायला व्हीआय बरा की ईमॅक्स, यावर दोन पिढ्यांनी एकमेकांची अक्कल काढली. मोठी संख्या साठवताना तिचा कोणता बाइट आधी ठेवायचा यावरून इतकी हमरीतुमरी झाली, की १९८० साली डॅनी कोहेन यांनी या प्रकाराला ‘धर्मयुद्ध’ म्हणत तहाची विनंती करणारा निबंध लिहिला. यांतली बहुतेक भांडणे आता गमतीपुरती उरली आहेत. १९९२ च्या वादाचे तसे झाले नाही. दोघेही स्वतःच्या हाताने लिहिलेल्या प्रणालीची बाजू मांडत होते, आणि त्या वेळी वर्तवलेली भाकिते आज पडताळून पाहता येतात.

वादाची मुळे यूनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या परवान्यात आहेत. १९७० च्या दशकात विद्यापीठांना यूनिक्सचा सोर्स कोड मिळत असे आणि तो वर्गात शिकवलाही जाई. ऑस्ट्रेलियातील जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीवर लिहिलेले भाष्य झेरॉक्सच्या झेरॉक्स काढत जगभर फिरले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात एटी अँड टी कंपनीने हा कोड शिकवण्यावर बंदी घातली आणि प्राध्यापकांच्या हाती नुसता सिद्धान्त उरला. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले आणि ॲमस्टरडॅमच्या व्रिए विद्यापीठात शिकवणारे टॅननबॉम यांनी यावर स्वतःच तोड काढली. बाहेरून यूनिक्ससारखी वागणारी, पण एटी अँड टीची एकही ओळ नसलेली प्रणाली त्यांनी लिहिली. तीच मिनिक्स. १९८७ मध्ये ती पाठ्यपुस्तकासोबत प्रसिद्ध झाली आणि तिच्या सुमारे १२,००० ओळी थेट पुस्तकातच छापल्या गेल्या. हार्ड डिस्क नसलेल्या ८०८८ च्या साध्या पीसीवरही ती चालावी आणि विद्यार्थ्याला एका सत्रात समजावी, एवढाच तिचा हेतू होता.

वाचकांची मागणी मात्र वेगळी होती. मिनिक्ससाठी यूजनेटवर चर्चागट निघाला, हजारो लोक त्यात आले आणि प्रत्येकाला आणखी काहीतरी हवे होते. टॅननबॉम बहुतेकांना नकार देत राहिले. प्रणाली वाढली तर ती शिकवता येणार नाही, हे त्यांचे कारण रास्त होते. ऑस्ट्रेलियातील ब्रूस इव्हान्स यांनी मिनिक्सला ३८६ प्रोसेसरच्या ३२ बिटांवर चालवणारे बदल केले, पण बदललेले मिनिक्स परवान्यामुळे सरसकट वाटता येत नव्हते. मूळ प्रत विकत घ्यायची आणि मग हे बदल पॅच म्हणून आपल्या हाताने बसवायचे, असा तो द्राविडी प्राणायाम होता.

तो करणाऱ्यांपैकी एक टोरवाल्ड्स. टॅननबॉम यांचे पुस्तक त्यांनी १९९० च्या उन्हाळ्यात वाचले, जानेवारी १९९१ मध्ये हप्त्यांवर ३८६ चा पीसी घेतला आणि त्यावर मिनिक्स चढवले. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांनी मिनिक्सच्याच चर्चागटात कळवले, की आपण छंद म्हणून एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत आणि ती काही फार मोठी होणार नाही. सप्टेंबरात आलेल्या ०.०१ या आवृत्तीत सुमारे १०,००० ओळी होत्या. कोड टोरवाल्ड्स यांचा स्वतःचा होता, पण डिस्कवर फायली ठेवण्याची पद्धत मिनिक्सची उचलली होती; दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर असल्यामुळे ते सोयीचे होते. जानेवारीपर्यंत चर्चागटात मिनिक्सपेक्षा लिनक्सच्याच गप्पा जास्त होऊ लागल्या आणि काही जुने सभासद कुरकुरू लागले.

२९ जानेवारी १९९२ रोजी टॅननबॉम यांचा संदेश आला. शीर्षकातच त्यांनी लिनक्स कालबाह्य ठरवले होते. सुरुवात खेळकर होती : आपण काही आठवडे अमेरिकेत होतो, मिनिक्स हा आपला संध्याकाळचा छंद आहे, पुस्तके लिहून कंटाळा आला आणि टीव्हीवर एखादे युद्ध किंवा क्रांती थेट दाखवत नसतील तेव्हा आपण तो करतो, वगैरे. पुढे मात्र दोन आक्षेप होते आणि दोन्ही वर्मावर बसणारे.

पहिला आक्षेप रचनेचा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. हार्डवेअरवर त्याची पूर्ण सत्ता असते, म्हणून त्यात चूक झाली की सगळे यंत्रच कोसळते. मोनोलिथिक पद्धतीत फाइल सिस्टिम, स्मृतीची व्यवस्था, ड्रायव्हर, नेटवर्क हे सारे या गाभ्यात एकत्र चालते. एक भाग दुसऱ्याला थेट हाक मारतो, त्यामुळे काम झटपट होते. मायक्रोकर्नेल पद्धतीत गाभ्यात अगदी थोडे ठेवतात : निरोपांची ने-आण, प्रोसेसरचा वेळ वाटून देणे आणि हार्डवेअरचे इशारे झेलणे. बाकीचे भाग साध्या प्रोग्रामसारखे वेगवेगळे चालतात आणि एकमेकांना निरोप पाठवून काम करून घेतात. त्यातला एखादा कोसळला तर तेवढाच पुन्हा सुरू करता येतो. किंमत मोजायची ती वेगात, कारण प्रत्येक निरोपासाठी प्रोसेसरला एका कामातून उठून दुसऱ्यात शिरावे लागते. ऑपरेटिंग सिस्टिम रचणाऱ्यांत हा प्रश्न निकालात निघाला आहे, मायक्रोकर्नेल जिंकले आहे, असे टॅननबॉम यांचे म्हणणे होते. १९९१ मध्ये मोनोलिथिक प्रणाली लिहिणे म्हणजे त्यांच्या मते थेट १९७० च्या दशकात परतणे होते.

दुसरा आक्षेप हार्डवेअरचा. लिनक्स ३८६ प्रोसेसरला जखडलेले होते. टॅननबॉम यांचा अंदाज असा, की इंटेलचे एक्स८६ घराणे लवकरच मागे पडेल आणि साध्या, थोड्या आज्ञांवर वेगाने चालणारे रिस्क पद्धतीचे प्रोसेसर सगळीकडे दिसतील. मग एकाच प्रोसेसरसाठी प्रणाली लिहिणे ही घोडचूक नाही का?

उत्तर त्याच दिवशी, साधारण अकरा तासांनी आले. अशा शीर्षकाला उत्तर दिल्यावाचून राहवत नाही, अशी सुरुवात करून टोरवाल्ड्स यांनी प्राध्यापकांवर मनसोक्त तोंडसुख घेतले. मिनिक्समधले दोष इतके आहेत, की प्राध्यापकीचे काम ही त्यांच्यासाठी उत्तम सबब ठरते, असा टोला हाणला. छंदाचा मुद्दा निघालाच आहे तर मिनिक्सवर पैसे कोण मिळवतो आणि लिनक्स फुकट कोण वाटतो ते पाहा, असेही सुनावले. पण या आतषबाजीत एक मोठी कबुली होती. सिद्धान्त आणि सौंदर्य या कसोट्यांवर मायक्रोकर्नेल सरस आहे, हे त्यांनी मान्य केले. मोफत प्रणाली घडवू पाहणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाचा कर्नेल वेळेत तयार झाला असता तर आपण या भानगडीत पडलोच नसतो, असेही सांगितले. त्यांचा खरा युक्तिवाद वेगळा होता : लिनक्स आज हातात आहे आणि चालते आहे. मिनिक्सची रचना कागदावर सुंदर असली तरी तिची फाइल सिस्टिम एका वेळी एकच विनंती हाताळते, म्हणजे एक प्रोग्राम फ्लॉपी वाचत बसला की दुसऱ्याने ताटकळायचे. ३८६ चे म्हणाल तर तो प्रोसेसर आतून शिकणे हाच प्रकल्पाचा हेतू होता.

दुसऱ्याच दिवशी टोरवाल्ड्स यांनी त्याच गटात जाहीर माफी मागितली. एका सभासदाने त्यांची मित्रत्वाने कानउघाडणी केली होती. आपला तोल गेला हे त्यांनी कबूल केले आणि हे आपले पहिले आणि बहुधा शेवटचे भांडण ठरो, अशी आशा स्वाक्षरीत व्यक्त केली. ती काही फळाला आली नाही. पुढची अडीच दशके त्यांच्या शिवराळ ई-मेलची ख्याती लिनक्सइतकीच पसरली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांना पुन्हा एकदा, या वेळी फार मोठ्या समुदायापुढे, माफी मागून काही आठवडे रजा घ्यावी लागली.

वाद फेब्रुवारीत आणखी काही दिवस चालला आणि त्यात बरेच जण उतरले. तू माझा विद्यार्थी नाहीस हे तुझे नशीब, अशा रचनेला मी चांगले गुण दिले नसते, हा टॅननबॉम यांचा शेरा सर्वांत गाजला. टोरवाल्ड्स यांनी तो हसण्यावारी नेला. आपल्या विद्यापीठात हा विषय शिकवणाऱ्यांशीही आपले वाजले आहेच, असे त्यांनी कळवले. पाच वर्षांनी सगळे लोक स्पार्कस्टेशन-५ सारख्या यंत्रावर मोफत ग्नू प्रणाली चालवत असतील, हे टॅननबॉम यांचे भाकीतही याच दिवसांतले.

आज ही भाकिते तपासताना मजा येते. त्या नावाचे यंत्र सन कंपनीने १९९४ मध्ये खरोखर आणले, पण ते घराघरांत गेले नाही. एक्स८६ मेले नाही. इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये जुन्या आज्ञांचे आतल्या आत छोट्या सोप्या आज्ञांत तुकडे पाडायला सुरुवात केली, म्हणजे बाहेरून एक्स८६ आणि आतून बरेचसे रिस्क. रिस्कची खरी मुसंडी आली ती मोबाइल फोनमधल्या आर्म प्रोसेसरांतून, तीही टॅननबॉम यांच्या मुदतीनंतर बऱ्याच वर्षांनी. ग्नूचा हर्ड हा मायक्रोकर्नेलवर आधारलेला गाभा १९९० पासून लिहिला जात आहे, त्याची १.० आवृत्ती अजून आलेली नाही.

एका प्रोसेसरला जखडल्याचा आक्षेप मात्र टोरवाल्ड्स यांनी मुकाट्याने पदरी घेतला, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. मार्च १९९५ च्या लिनक्स १.२ मध्ये अल्फा, स्पार्क आणि मिप्स या प्रोसेसरांचा आधार आला. १९९७ मधील त्यांच्या एम.एस्सी. प्रबंधाचा विषयच मुळी अनेक प्रकारच्या यंत्रांवर नेता येणारी प्रणाली म्हणून लिनक्स हा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीतून तर ३८६ चा आधारच काढून टाकण्यात आला. ज्या चिपसाठी लिनक्स जन्मले, तिच्यावर नवे लिनक्स चालत नाही.

रचनेच्या मुद्द्यावर निवाडा द्यायचा तर तो टॅननबॉम यांच्या बाजूने झुकतो, पण त्यांनी सांगितलेल्या कारणासाठी नाही. मायक्रोकर्नेल जिंकले नव्हते. १९९२ मध्ये त्याचे प्रसिद्ध उदाहरण असलेले मॅक हे संथ होते, आणि वेगाचा प्रश्न योखेन लिट्के यांच्या एल४ ने १९९३ नंतर सोडवला. पण गाभ्यात शिरलेला दुसऱ्याचा कोड घातक असतो, ही त्यांची भीती खरी होती. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे विंडोजच्या गाभ्यात चालणारा तिचा ड्रायव्हर कोसळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे बंद पडली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मोटारींसारख्या ठिकाणी, जिथे कोसळणे परवडत नाही, तिथे क्यूएनएक्स हे मायक्रोकर्नेल आजही वापरतात.

मग लिनक्स का पसरले? रचनेमुळे नाही. १९९२ च्या आरंभी टोरवाल्ड्स यांनी लिनक्सला ग्नूचा जीपीएल परवाना लावला. बदला, वाटा, विका, फक्त कोड खुला ठेवा, ही त्याची अट. मिनिक्सची किंमत वादाच्या वेळी १६९ डॉलर होती आणि मुक्त बीएसडी परवाना त्याला मिळाला तो २००० साली. शिवाय टोरवाल्ड्स लोकांनी पाठवलेले बदल स्वीकारत आणि टॅननबॉम नाकारत. एकाला पाठ्यपुस्तक जपायचे होते, दुसऱ्याला प्रणाली वाढवायची होती. विद्यार्थ्यांच्या हितासाठी दिलेल्या त्या नकारांनीच लिनक्सला पहिले स्वयंसेवक मिळवून दिले, हे या प्रकरणातले सर्वांत मोठे सत्य वादात दोघांनीही नीट मांडले नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते आहे.

दोघांत कायमचे वैर आले, ही समजूत चुकीची आहे. २००४ मध्ये वॉशिंग्टनच्या एका संस्थेतर्फे केन ब्राउन यांनी लिनक्स हे मिनिक्सवरून उचलल्याचा आरोप रचायला घेतला आणि त्यासाठी ॲमस्टरडॅम गाठले. टॅननबॉम यांनी जाहीर टिपण लिहून तो आरोप खोडून काढला. लिनक्स टोरवाल्ड्स यांनी स्वतः लिहिले, असे त्यांनी ठणकावून सांगितले. रचनेवरचे मत मात्र त्यांनी सोडले नाही. मे २००६ मध्ये आयईईईच्या ‘कॉम्प्युटर’ नियतकालिकात त्यांनी सहकाऱ्यांसह पुन्हा मायक्रोकर्नेलची बाजू मांडली, तेव्हा टोरवाल्ड्स यांनीही पुन्हा उत्तर दिले. स्वतंत्र भाग सोपे असतात, पण त्यांच्यातला समन्वय अवघड होऊन बसतो, हा त्यांचा मुद्दा तेव्हा अधिक पक्व झालेला दिसतो.

मिनिक्सच्या वाट्याला एक विचित्र विजयही आला. २०१७ मध्ये उघड झाले, की इंटेलच्या २०१५ नंतरच्या चिपसंचांत मुख्य प्रोसेसरच्या आड चालणाऱ्या मॅनेजमेंट इंजिन या छोट्या संगणकावर मिनिक्स ३ बसवलेले आहे. म्हणजे लिनक्स चालवणाऱ्या असंख्य पीसींच्या पोटातही मिनिक्स होते. इंटेलने याची कल्पना दिली नव्हती. परवान्याप्रमाणे ती देणे बंधनकारक नव्हते, पण सौजन्य म्हणून सांगायला हवे होते, असे टॅननबॉम यांनी खुल्या पत्रात लिहिले.

मुंबई-पुण्यासह भारतभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत टॅननबॉम यांची पाठ्यपुस्तके अनेक वर्षे वाचली जात आहेत, आणि तेच विद्यार्थी प्रयोगशाळेत लिनक्सवर काम करतात. वादातले संदेश १९९९ मध्ये ओरायली प्रकाशनाच्या ‘ओपन सोर्सेस’ या संग्रहात परिशिष्ट म्हणून छापले गेले. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिनिक्ससाठी टॅननबॉम यांना दिला. मानपत्रात मिनिक्सचा प्रभाव पडलेल्या प्रणालींमध्ये लिनक्सचे नाव आहे.