घरीच दुचाकी धुवायची? दोन बादल्या पाणी अन् अर्धा तास बास

बेळगाव-निपाणी पट्ट्यात गाडी घाण व्हायला पावसाळाच लागतो असं काही नाही. कणकुंबी-जांबोटीकडून आलेल्या गाडीला तांबडी माती चिकटलेली असते, निपाणीच्या शेतवाटांवरून आलेल्या गाडीला काळी. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरी रस्त्यावर आणून टाकलेला असतो, आणि उन्हाळ्यात महामार्गाची धूळ. सर्व्हिसिंगच्या वेळी वॉशिंग सेंटरवर गाडी धुऊन मिळते, पण दर आठवड्याला तिथे रांग लावणं खिशाला आणि वेळेला परवडत नाही. घरी गाडी धुणं सोपं आहे. मात्र त्यात दोन-तीन चुका अशा होतात की गाडी चकाचक दिसते आणि ब्रेक लागत नाही, किंवा बोटाला कायमची इजा होते.

आधी पाण्याचा हिशेब. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून पाणी येतं, निपाणीला जवाहर तलावाचा मोठा आधार आहे. बेळगावच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी असलं तरी बाकीच्यांना नळ येण्याचा दिवस मोजावा लागतो. मिनिटाला १० लिटर पाणी सोडणारा पाइप १५ मिनिटं चालू राहिला तर १५० लिटर गेले. तेवढ्यात एका घराचं एका दिवसाचं धुणं-भांडी निघतील. मोटारसायकलला दोन बादल्या, म्हणजे ३० ते ४० लिटर पाणी पुरतं. २०२४ च्या मार्चमध्ये टंचाईच्या काळात बेंगळूरच्या जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहनं धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड ठेवला होता. आपल्याकडे तशी वेळ यायची वाट कशाला बघायची? डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना जातं, तसं छपरावरून पडणारं पावसाचं पाणी बॅरलमध्ये धरून ठेवलं तर गाडीसाठी ते नळापेक्षा चांगलं, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर गाडी अंगावरच वाळू देऊ नका. टाकीवर आणि आरशावर पांढरे ठिपके उठतात, ते नंतर घासूनही लवकर जात नाहीत.

मलप्रभा, मार्कंडेय, हिरण्यकेशी, वेदगंगा यांच्या घाटावर किंवा गावतळ्यावर गाडी धुण्याची सवय अजून आहे. चेनचं काळं तेल आणि ग्रीस तिथंच पाण्यात उतरतं, आणि त्याच पाण्यावर खालच्या गावाची जनावरं येतात. गाडी घरच्या अंगणातच धुवावी.

धुण्याआधी इंजिन आणि सायलेन्सर थंड होऊ द्यावेत. बाहेरून आल्या आल्या तापलेल्या इंजिनवर पाणी ओतलं की चर्र आवाज येतो. धातू एकदम आकसतो आणि ते त्याला मानवत नाही. शिवाय सायलेन्सरला हात लागला तर पोळतो. अर्धा तास थांबा, गाडी सावलीत घ्या, शक्यतो डबल स्टँडवर लावा. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी रबर लावून बांधा, चावीच्या भोकावर चिकटपट्टी लावा. हँडलवरची बटणं, मीटर, सीटखालची बॅटरी आणि एअर फिल्टर इथे पाणी ओतायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर चार्जिंगचं झाकण घट्ट बसलंय ना ते बघून मगच पाण्याला हात लावावा, आणि तिच्यावर प्रेशरचा पाइप नकोच.

साबण कुठला, यावरून घराघरांत वाद असतो. कपड्यांच्या पावडरीने मळ निघतो खरा, पण ती खारी आणि कडक असते. महिन्यामागून महिने वापरली की रंगाचा तुकतुकीतपणा जातो. गाडीचा शाम्पू झाकणभर एका बादलीला पुरतो. तो नसेल तर डोक्याचा साधा शाम्पूही चालतो. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा सगळ्या गाडीवर फिरवून ‘चमक’ आणण्याचा जुना प्रकार मात्र सोडून द्यावा. ती चमक दोन दिवस टिकते, वर धूळ चिकटते आणि रबरी पाइप, सील फुगतात.

पहिल्या बादलीतलं थोडं पाणी वरून हळू ओतून चिखल भिजवा आणि पाच-सात मिनिटं तसाच सोडा. घाई इथेच नडते. सुकलेल्या मातीत वाळूचे कण असतात. कोरडं फडकं फिरवलं की टाकीवर बारीक ओरखडे पडतात, आणि उन्हात बघितलं की ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. मळ भिजला की स्पंजने वरून खाली या: टाकी, सीट, बाजूचे पॅनेल, मग मडगार्ड, शेवटी चाकं आणि इंजिनचा खालचा भाग. चाकाचा स्पंज वेगळा ठेवा, तोच परत टाकीवर नेऊ नका. स्पोक आणि इंजिनच्या पट्ट्यांत जुना टूथब्रश चांगला चालतो. मडगार्डच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. खानापूर बाजूच्या गाड्यांची तांबडी माती तिथे थराथराने साचते, ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून गाडी नवी, आतून चाळण.

गाडीवरून खताची पोती नेणाऱ्यांनी त्याच दिवशी कॅरिअर आणि चेसिसवर पाणी मारावं. युरिया आणि मिश्र खतं हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंड खातात. गोव्याच्या समुद्रकाठी दोन दिवस राहून चोर्ला घाटाने परतलेल्या गाडीचंही तसंच, खारं वारं लागलेलं असतं. सांडलेलं दूध, काकवी, पक्ष्यांची घाण यांनाही उद्यावर टाकू नये.

चेन आणि ब्रेक: इथे गंमत नाही

चेन पुसताना गाडी चालू करून गिअरमध्ये टाकायची आणि फिरणाऱ्या चेनला फडकं धरायचं, असं करणारे पुष्कळ आहेत. फडक्याचं टोक चेन आणि स्प्रॉकेटच्या दात्यांत गेलं की ते बोटासकट ओढलं जातं, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. बोटाचं पेर तिथेच तुटतं. म्हणून चावी काढून खिशात ठेवा, गाडी न्यूट्रलला, मागचं चाक हाताने थोडं थोडं फिरवा आणि चाक थांबल्यावरच पुसा. लहान मुलं शेजारी असतील तर त्यांना चाकापासून लांब ठेवा. मुलाला हौस असते, काम द्यायचंच तर आरसे पुसायला द्या.

चेनचा मळ ब्रशवर थोडं रॉकेल घेऊन निघतो. पेट्रोल वापरू नका, ते चेनच्या रबरी रिंगांना खातं आणि आगीचा धोका वेगळाच. चेन पूर्ण कोरडी झाल्यावर आतल्या बाजूने चेन स्प्रे किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब-थेंब सोडा आणि जास्तीचं पुसून घ्या. पावसात चालणाऱ्या गाडीला हे साधारण ५०० किलोमीटरला लागतं. पूर्ण चेनकव्हर असलेल्या गाड्यांत मळ कमी जातो, पण कव्हर आहे म्हणून चेन विसरायची नाही.

ऑइलचा एक थेंबही डिस्कवर किंवा टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागावर पडता कामा नये. टायर काळाभोर दिसावा म्हणून पॉलिश लावणारे तर वळणावर घसरायची सोयच करून ठेवतात. डिस्कला फक्त साबणाचं पाणी. ड्रम ब्रेकच्या गाडीत पाणी आत गेलं की लायनर ओले होतात, आणि पहिल्यांदा ब्रेक दाबला की गाडी थांबतच नाही. धुतल्यावर लगेच रहदारीत जाऊ नये. गल्लीतच हळू चालवत दोन्ही ब्रेक सात-आठ वेळा हलके दाबावेत, पकड परत आली की मग पुढे. घाटात उतरायचं असेल त्या सकाळी तर गाडी धुऊच नये, आदल्या दिवशी धुवावी.

घरी मोटरचा प्रेशर पाइप असेल तर तो जवळून मारायचा मोह होतो. चाकाच्या बेअरिंगमधलं ग्रीस त्याने धुऊन जातं आणि दोन-तीन महिन्यांनी चाक कुरकुरायला लागतं. रेडिएटरच्या पातळ पट्ट्याही वाकतात. पाइप लांबून, पसरट धारेने मारा.

दुसऱ्या बादलीच्या स्वच्छ पाण्याने साबण उतरवा, जुन्या सुती बनियनने पुसा. सायलेन्सरची पिशवी आठवणीने काढा. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं की कोपऱ्यातलं पाणी वाळतं. गाडी चालू झाली नाही तर स्टार्टर दाबत बसू नका, बॅटरी उतरेल. प्लगची टोपी काढून आतून कोरडी पुसा आणि थोडा वेळ थांबा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच चालू होते. पॉलिश हवं असेल तर चकचकीत रंगावरच लावा. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश लावलं की डाग-डाग दिसतात आणि ते परत निघत नाहीत.

खंडेनवमीला, म्हणजे आयुधपूजेला, सीमाभागातली झाडून सगळी वाहनं एकाच सकाळी धुतली जातात. त्या दिवशी वॉशिंग सेंटरवर नंबर लागणं अवघड, म्हणून आदल्या संध्याकाळी घरीच उरकलेलं बरं. हळद-कुंकवाचं बोट ओल्या टाकीवर लावलं तर डाग धरतो. पूर्ण वाळल्यावर लावा आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून टाका. झेंडूचा हार हँडलला बांधताना दोरा चाकापर्यंत लोंबणार नाही एवढा आखूड ठेवा, आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी हार सोडून घ्या.